गुलाबी प्रत
कारखान्यातून निघताना बारा टन असलेला विषारी गाळ विल्हेवाट केंद्राच्या गेटवरच्या वजनकाट्यावर नऊच टन भरला. “उरलेला कुठल्या ओढ्यात ओतलास, बाबा?” कारकुनाने विचारलं. उत्तरादाखल ड्रायव्हरने पान्याने त्याची दोन बोटं ठेचली. “मुकाट्याने बारा लिही!” कारकुनाने रक्ताळलेल्या हाताने सरकारला जाणाऱ्या पोचपावतीच्या गुलाबी प्रतीवर नऊच लिहिलं. ड्रायव्हरचं टाळकं सरकलं. त्याने प्रत टराटरा फाडून कारकुनाच्या तोंडात कोंबली, वर जबड्यावर गुद्दा हाणला. “आता पाठव तुझ्या सरकारला!” म्हणत तो टँकर घेऊन पसार झाला. वॉचमन धावत आला, तर कारकून दातासकट गुलाबी लगदा थुंकून चक्क हसत होता. “साहेब, पुरावाच गेला की!” “अरे, कारखान्याची बाराची प्रत सरकारकडे केव्हाच पोचलीय. सोबतीला नऊची गेली असती, तर दोन्ही फायलीत कुजल्या असत्या. एकीची जोडीदारीण पोचलीच नाही, की सरकार स्वतः शोधायला निघतं.”