केळवली फाट्यावरचा प्रवासी

जलद बस घाट उतरली आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाली, “केळवली फाट्यावर एक प्रवासी आहे. घेतला तर चार मिनिटं जातील. थांबायचं का?” प्रत्येकापुढे एक हिरवं आणि एक लाल बटण उजळलं.

“चार मिनिटं? मग नमन चुकलंच म्हणायचं!” टेंगशेवहिनींनी लाल दाबलं.

शेजारच्या यमुनाक्कांनाही घाई होती. लक्ष्मीकेशवाच्या देवळात आज माधवबुवांचं शेवटचं कीर्तन होतं. गळा थकला म्हणून यापुढे बुवा उभे राहणार नव्हते. अक्कांच्या यजमानांनी जन्मभर त्यांच्यामागे पेटी धरली होती. ते गेल्यापासून बुवांनी नमनाला सूर लावला, की अक्कांना घटकाभर तेच मागे बसल्यासारखे वाटत.

“पूर्वी हात केला की जलद गाडीसुद्धा थांबायची हो. कंडक्टर आपणहून घंटी मारायचा,” अक्का म्हणाल्या. तरी बोट लालवरच गेलं.

फाटा आला तशी बस वेग न मोडता पुढे गेली. काचेबाहेर एक म्हातारा हात वर करून उभा होता. खांद्यावर उपरणं, दुसऱ्या हातात चिपळ्या.

“अगंबाई, बुवा! थांबव गं, थांबव!”

“तो थांबा मागे राहिला,” बस म्हणाली. “तिथली पुढची बस उद्या सकाळी.”

देवळात समया लागल्या होत्या. पेटीवाला नुसताच सूर धरून बसला होता. मंडळी अगदी वेळेवर सतरंजीवर टेकली.

गुरव हार घेऊन बाहेर आला. “बुवा तुमच्याच गाडीनं येणार होते ना?” त्यानं विचारलं.

यमुनाक्कांनी बोट पदराखाली लपवलं.