जावयाचे पाय

कोर्बिनियनने वळणावर स्नोबोर्ड कलता केला, की बुटाचं टोक कडेबाहेर येऊन बर्फात रुतायचं आणि स्वारी तोंडावर आपटायची. रविवारी गावची शर्यत होती, आणि ऑस्ट्रियातल्या डोंगराळ तिरोलमध्ये सासरच्या माणसांसमोर आपटणं म्हणजे वर्षभराची चेष्टा. म्हणून त्याने गेबहार्डच्या दुकानातला सगळ्यात रुंद बोर्ड काढायला लावला.

"पायच एवढे मोठे माझे, काय करणार! सेहेचाळीस नंबर लागतो."

"बूट काढ बघू," गेबहार्ड म्हणाला.

बुटातून एकावर एक चढवलेले लोकरी मोज्यांचे तीन जोड निघाले. आतला पाय मोजला, तर बेचाळीस!

"अरे शहाण्या, पाय कसले मोठे? एकच पातळ जोड घाल आणि मापाचे बूट घे. तुझा जुनाच बोर्ड पुरेल."

कोर्बिनियनने काचेतून बाहेर पाहिलं. बाकावर उन्हात बसलेल्या सासूबाई त्याच्यासाठी चौथा जोड विणत होत्या. जावयाची नजर पडताच त्यांनी तो कौतुकाने उंच धरून दाखवला.

 

"गेबहार्ड," तो हळूच म्हणाला, "याच्याहून रुंद बोर्ड मागवता येईल का रे?"