चिणलेलं दार

बाप्तिस्मा चालू असताना चर्चचं उत्तरेचं दार उघडं ठेवायची जुनी रीत होती, सैतान बाहेर निघून जावा म्हणून. पुढे कधीतरी ते दार दगडांनी चिणून टाकलं. तरीही आज पाद्रीबाबांनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि त्या दारावर पलीकडून टकटक झाली.

“ऐकलंस का एनिड? सैतानाला थंडी वाजतेय, परत यायचंय त्याला!” घंटा वाजवणारा म्हातारा विल्फ्रेड खिदळला.

एनिड हसली नाही. काही वर्षांपूर्वी तिची तान्ही लेक बाप्तिस्म्याआधीच गेली होती, म्हणून तिला दफनभूमीत जागा न देता त्या दारापलीकडच्या गवतात पुरलं होतं.

पूर्वीच्या बाप्तिस्म्यांना टकटक एनिडच्या गुडघ्यापाशी यायची, मग कमरेपाशी. आज ती खांद्यापाशी आली.

एनिड भिंतीला बिलगली. “केवढी उंच झालीस गं!”

टकटक थांबली. एनिडच्या खांद्यापाशी, दगडाचा एका गालाएवढाच भाग हळूहळू ऊबदार झाला.