रजेचा कागद

कीगनच्या नावाचा फलक लागला की गावाला सेनापती मिळणार होता आणि तिथे नोकरीला असलेल्या डॉक्टर जयदीपला पेपरात फोटो. आयर्लंडमधल्या मलिंगारजवळच्या त्या गावातला हा कीगन दोनशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानात गेला, मराठ्यांच्या पडत्या काळात त्यांचा सेनापती झाला आणि तिकडेच मेला. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्याला रजाच मिळाली नाही, असं गाव अजून सांगतं. पुरावा म्हणून त्याच्या परत आलेल्या पेटीतला एक मोडी कागद होता, जो गावात कुणालाच वाचता येत नव्हता.

जयदीपने पुण्याहून आलेल्या वडिलांना पुढे केलं. पुरुषोत्तमरावांची सगळी नोकरी जुन्या दफ्तरात मोडी वाचण्यात गेलेली. त्यांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला.

"रजा नामंजूर," ते म्हणाले. फलक कमिटीतल्या म्हाताऱ्यांनी डोळे टिपले.

गाडीत बसल्यावर जयदीपने विचारलं, "बाबा, नक्की नामंजूरच होती?"

"मंजूर होती. चांगली वर्षभराची. तोच आला नाही."

"मग खोटं का सांगितलंत?"

पुरुषोत्तमराव सीटबेल्ट लावत म्हणाले, "सवय आहे. तुझ्या आईलाही शेवटपर्यंत हेच सांगत होतो, जयदीपला रजा देत नाहीत म्हणून."