भरलेला पट्टा

रज्जाकने तिसऱ्या मोटारीवर हाताचा उलटा पंजा टेकवला आणि तो तिथेच राहू दिला.

"ताप आहे का, चाचा?" शेजारी पॅनेलपाशी उभ्या असलेल्या सत्यमने विचारले. दोन दिवस खपून या तरुण इंजिनियरने तिन्ही मोटारी एका वेगाने चालतील अशा जुळवल्या होत्या. वराळ्याच्या पलीकडच्या त्या खाणीत खालचा दगड पट्ट्यावरून चढावरून इथे वरच्या टोकापर्यंत यायचा, तो या तिघींच्या जोरावर.

"न्हाई. गार हाय," रज्जाक म्हणाला. "पैल्या दोघींवर हात ठरत न्हाई."

सत्यमने हसून पडदा दाखवला. तिघींचा वेग सारखाच होता. रज्जाकने त्याला वेग नको, कोण किती वीज ओढते ते बघायला सांगितले. सत्यमने बटण दाबले आणि त्याचे हसू मावळले. तिसरी नुसतीच फिरत होती. तिचे ओझे पहिल्या दोघी ओढत होत्या, झेपेल त्याहून बरेच जास्त. त्यातली एक बंद पडली की तिन्ही थांबणार. जोडणीच तशी होती.

त्याचा हात लाल बटणाकडे गेला. रज्जाकने मनगट धरले.

"बंद करू नगंस. पट्टा भरलाय."

पट्टा उलटा पळू नये म्हणून असलेली खिटी परवा मोटारींच्या चाचणीसाठी रज्जाकनेच काढली होती. परत बसवताना तिचा दात तुटलेला निघाला. नवी येईपर्यंत काम थांबवायचे का, असे त्याने साहेबांना विचारले होते. साहेब काही बोलले नाहीत, त्यानेही पुन्हा विचारले नाही, आणि पट्टा खिटीविनाच चालू राहिला. आता पट्टा थांबला तर ऐंशी मीटर चढावरचा सगळा दगड मागे घसरणार होता.

आणि खालच्या टोकाला नंदाबाई आणि आणखी दोघी जणी दगडातली मातीची ढेकळे वेचत होत्या.

सत्यमने दगडाची आवक तेवढी थांबवली. पट्टा रिकामा व्हायला दोन मिनिटे लागणार होती. तोवर त्या दोन मोटारी टिकायला हव्या होत्या. जिना उतरण्याइतका वेळ नव्हता, आणि त्या घरघरीत हाक पोचली नसती. रज्जाक कठड्याशी गेला आणि दोन्ही हात जोरजोरात हलवू लागला. बाजूला व्हा. लांब जा.

नंदाबाईने वर पाहिले. कपाळावर हात आडवा धरून नीट पाहिले आणि समजल्यासारखी मान हलवली.

रज्जाकला हायसे वाटले. मग आठवले. गेल्या महिन्यात बायकांना ओळीने उभे करून त्यानेच पाठ करून घेतले होते: वर माणूस हात हलवताना दिसला की काही विचारत बसायचे नाही, पट्टा थांबवायची दोरी ओढायची.

त्याचे हात तसेच वर राहिले. नंदाबाईने हातातले ढेकूळ खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि ती दोरीकडे वळली.