पुठ्ठ्याची खोली

नवं हॉस्पिटल बांधायला घेण्याआधी एका शेडमध्ये पेशंटची एक खोली पुठ्ठ्याची उभी केली होती, अगदी खऱ्या मापाची. आर्किटेक्टबाई, बिल्डर, वॉर्डातल्या सिस्टर आणि एसीचं काम करणारा मी, अशा सगळ्यांनी तिथेच एकत्र बसून काय ते ठरवायचं. मला हा निव्वळ पोरखेळ वाटत होता.

एसीची हवा आणणारा माझा उभा डक्ट, तोही पुठ्ठ्याचाच, खिडकीशेजारून खाली येत होता. बाई म्हणत होत्या, हलवा. मी म्हणत होतो, एक इंचही नाही.

"खाटेवर आडवे व्हा," सिस्टर म्हणाल्या. वाद मिटला नाही की हट्ट धरणाऱ्याने पेशंट व्हायचं, हा त्यांचा नियम. झालो बुवा आडवा. सिस्टर स्वतः खिडकीजवळ नातेवाइकांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"समजा, मी तुमची बायको. दिसतेय का?"

मी मान वळवली. मध्ये माझाच डक्ट होता.

"नाही. नुसता आवाज येतोय."

मी उठलो आणि कटर घेतला.

"खर्च वाढेल," मी पुटपुटलो.

"सगळे मिळून सोसू," बिल्डर म्हणाला आणि त्याने पुठ्ठ्याचं दुसरं टोक धरलं.

हॉस्पिटल सुरू झालं त्याच्या पुढच्या वर्षी तशाच एका खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत मी बसून होतो. ऑपरेशननंतर बायकोने पहिल्यांदा डोळे उघडले आणि हळूच मान वळवली.

"दाढी तरी करून यायचं," ती म्हणाली.