ताइवो आधी येते

"उगी उगी," म्हणत कौमुदीने छातीवरच्या बाळाला थोपटायला हात उचलला, तर सुईणीने तो हातच धरला.

"गप्प नको करूस. रडू दे तिला."

कौमुदीला रागच आला. जुळ्यांतली पहिली मुलगी नुकतीच बाहेर आली होती आणि बेंबीच्या देठापासून रडत होती. दुसरी अजून पोटात होती. कळा मंदावल्या होत्या. थोडी वाट बघू, नाहीतर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. अशा वेळी आईला उगी उगी म्हणू न देणारी ही बाई कोण?

ती ताइवो. मूळची नायजेरियाची, तिथल्या योरुबा समाजातली. आता कॅनबेराच्या या हॉस्पिटलातली सुईण. मास्कच्या वर तिचे नुसते डोळे दिसत होते. कौमुदीच्या उशाशी दुसरं कुणी नव्हतं. तिची आई पुण्यात कोविडने अत्यवस्थ झाली, तेव्हा हिला पोटुशी म्हणून विमानात बसता येईना. तिच्याऐवजी नवरा विनय पुण्याला गेला. आई गेली, आणि मागोमाग विमानंही बंद झाली; तो तिकडेच अडकला. गुंगालिन उपनगरातून मैत्रीण चित्रलेखा धावत आली खरी, पण घसा खवखवतोय असं दारातच खरं सांगून बसली. तिला तिथूनच परत पाठवलं. खरं बोलावं, पण इतकं?

"आता जोर लाव, डार्लिंग," ताइवो म्हणाली.

"नाही लावत. कशाला बोलावू तिला? कोण आहे इथे? असल्या जगात एक आणली तेवढी पुरे झाली."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. पण खोटं नव्हतं ते. इतकं एकटं तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

ताइवो रागावली नाही. "आमच्याकडे जुळ्यांची नावं कुणी ठेवत नाही, ती घेऊनच येतात. आधी येते ती ताइवो. उतावळी, जिथेतिथे नाक खुपसणारी. मागून येते ती केहिंदे. शांत, सावध. थोरली तीच."

"आमच्यात आधी येते ती थोरली," कौमुदी कण्हत म्हणाली. पुण्याची होती, वाद घालण्यापुरती ताकद उरली होती.

"थोरली कशाला आधी येईल? ती धाकटीला पाठवते. जा, जग चाखून बघ, राहण्याजोगं आहे का सांग. धाकटी रडली की तिला कळतं. मग ती निघते."

कौमुदीने छातीवरच्या लालबुंद चेहऱ्याकडे पाहिलं. राहण्याजोगं? काय सांगणार बिचारी?

"सांग गं तिला," ती हुंदका देत म्हणाली. "बाकी काही नाही, पण आई आहे म्हणावं."

पोर आणखीच जोरात किंचाळली. कळ आली. या वेळी कौमुदीने दात आवळून सगळा जीव लावला.

दुसरी आली. क्षणभर खोलीत एकीचंच रडणं होतं, मग दोघींचं झालं. ताइवोने दोघींना आईच्या कुशीत शेजारीशेजारी ठेवलं आणि पांघरूण सारखं केलं.

"म्हणजे तूही जुळ्यांतलीच," कौमुदी हसत, डोळे पुसत म्हणाली. "तुझी केहिंदे कुठे असते?"

"ती जिवंत आली नाही," ताइवो म्हणाली. "मी जन्मले तेव्हा रडलेच नव्हते म्हणतात."